नकलेची रुजवात

आमच्या महाविद्यालयात दोन गोष्टींची नक्कल बिनचूक निघते : सत्काराच्या भाषणांची आणि मागच्या वर्षीच्या अहवालाची. तिसऱ्या कशाची नक्कल करण्याचा प्रसंग या संस्थेवर सहसा येत नाही, कारण तिसरे असे काही येथे निर्माणच होत नाही. हा नियम मोडण्याचा अपराध संघप्रिया वाव्हळे हिने केला. मराठी विभागात माझ्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणारी ही मुलगी सहा वर्षे परभणी जिल्ह्याची बोली ऐकत होती, आणि जे ऐकले ते विभागाच्या एका जुन्या संगणकात नोंदवत होती.

ऐकत होती, असे मी जाणूनबुजून म्हणतो. आवाज गोळा करणे सोपे असते. त्याला एक यंत्र आणि थोडा निर्लज्जपणा पुरतो. गोदाकाठच्या सोनपेठपासून आमच्या वालूरपर्यंत तिने माणसे बोलती केली, आणि मग त्या बोलण्यातल्या प्रत्येक शब्दाखाली खुणा केल्या. ‘ह’ कुठे गळतो, स्वर कुठे लांबतो, शेजारी गुरुजी येऊन उभे राहिले की तेच माणूस आपली भाषा कशी सावरून बसते. आवाजांच्या प्रती चार ठिकाणी सुरक्षित होत्या. एक माझ्या घरी, एक तिच्या भावाकडे नांदेडला. खुणांची प्रत मात्र कुठेच नव्हती. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या केल्या होत्या तो परदेशातल्या एका लहान कंपनीचा. कंपनी बंद पडली, नवा परवाना द्यायला कोणी उरले नाही, आणि प्रोग्रॅम जिथे एकदा बसला तिथेच उघडतो, दुसरीकडे नव्याने बसवू पाहिले तर परवाना मागून थांबतो. खुणांच्या फाइली नुसत्या उचलून नेता आल्या असत्या, तशा कोणी नेल्या नव्हत्या. कारण त्या वाचू शकणारा जगात एकच वाचक होता, आणि तो आमच्या विभागातल्या एका मळकट डब्यात राहत होता.

संस्थेचे सचिव दत्तराव यांनी या कामाबद्दल एकदा मत दिले होते, की आपल्याच लोकांचे अशुद्ध बोलणे जमवायला संशोधन कशाला हवे, बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभे राहिले म्हणजे झाले. संशोधनपद्धतीविषयी त्यांनी आजवर केलेली ही एकमेव ग्राह्य सूचना होती. संघप्रिया सोनपेठच्या स्टँडवर खरोखरच दोन बाजार उभी राहिली होती.

तो डबा यंदा निर्लेखनाच्या यादीत गेला. म्हणजे संस्थेच्या दृष्टीने तो मेला, आणि मोडक्या खुर्च्या, बाकडी, पंख्यांची पाती यांच्याबरोबर लिलावात विकला गेला. त्याच्या जागी नवा संगणक आला. मी लेखी आग्रह धरला होता, की जुना जाण्याआधी त्याचा पूर्ण बॅकअप घ्यावा. नुसत्या फाइलींचा नव्हे, ज्यावरून अख्खा संगणक पुन्हा उभा करता येईल असा. दिवाळीच्या सुटीत तो घेतला गेल्याचे मला कळवण्यात आले. घेणारा विवेक, सेलूला त्याचे दुरुस्तीचे दुकान आहे आणि महाविद्यालयाची सगळी यंत्रे तोच पाहतो. त्याने एक पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची हार्ड डिस्क कार्यालयात जमा केली. त्यावरच्या लिफाफ्यावर आमच्या कार्यालयाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे दोन सह्या होत्या. नक्कल करणार, विवेक. रुजवात घेणार, अनंतराव.

अनंतराव आमचे कार्यालय अधीक्षक. रुजवात म्हणजे मूळ आणि नक्कल समोरासमोर ठेवून ओळीओळीने ताडून पाहणे. निजामाच्या दफ्तरापासून चालत आलेली ही शिस्त आहे. एकाने लिहायचे, दुसऱ्याने वाचायचे, आणि दोघांनीही सही करायची. शिस्तीतला वाचण्याचा भाग गळून पडला आहे. सही तेवढी टिकली, आणि अनंतरावांची सही फार सुंदर आहे.

भंगाराची गाडी ज्या दिवशी दुपारी यायची होती त्या सकाळी नवा संगणक विभागात लागला. विवेक जुळणी करत होता, संघप्रिया खिडकीपाशी उभी होती. तिच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्या खुणांवर उभे राहायचे होते. माझ्या हाती लिफाफा होता. मला शंका आली नव्हती. मला कुतूहल होते. मी विवेकला विचारले, की कागदाची रुजवात मी जाणतो, पण या नकलेची रुजवात घेतात कशी.

“पेटवून बघायची सर. दुसरी रीतच नाही,” विवेक म्हणाला. “मी नुसत्या फाइली नाही उचललेल्या. अख्खं मशीनच उचललंय.”

मग त्याने समजावून सांगितले, आणि तो चांगले सांगतो हे मान्य केले पाहिजे. संगणक सुरू होताना आधी आपल्या पोटातल्या डिस्कवर जागे होण्याच्या सूचना शोधतो. त्याला ऐनवेळी अडवून सांगता येते, की पोटात पाहू नकोस, या पेन ड्राइव्हवर पाहा. पेन ड्राइव्हवर एक लहानशी कार्यप्रणाली असते. ती संगणकाला जागे करते, डिस्कला मात्र झोपूच देते, आणि झोपलेल्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घेते. जागे होण्याच्या सूचना, परवाने, सवयी, चुका, सगळ्यांसकट. तीच प्रतिमा कोऱ्या डिस्कवर उतरवली, की कोरी डिस्क जागी होते ती स्वतःला जुनीच समजून.

पोथीची नक्कल करणारा मजकूर उतरवतो; दिवा, बैठक आणि वाचण्याची सवय तो उतरवत नाही. या मुलखातल्या महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत कोंडून ठेवल्या, तेव्हा अक्षर न् अक्षर शाबूत राहिले आणि तरीही किल्ली ठाऊक असलेला माणूस शेजारी बसल्याशिवाय ते मुके होते. विवेक सांगत होता ती नक्कल मजकुराची नव्हती. पोथीची होती, वाचणाऱ्यासकट. असे काही शक्य आहे हे मला इतके विलक्षण वाटले, की मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

त्याने पेन ड्राइव्ह लावला, कळ दाबून धरली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरकू लागली. प्रतिमा नव्या डिस्कवर उतरायला बराच वेळ गेला. दरम्यान चहा झाला. मग त्याने सर्व जोडण्या काढल्या आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. नवे यंत्र जागे झाले. आणि पडद्यावर, पूर्ण रुंदीत, शाल पांघरलेले, नारळ धरलेले सचिव दत्तराव अवतरले.

त्यांच्या खांद्याभोवती फोल्डर मांडलेले होते : निमंत्रणपत्रिका नमुने, वाढदिवस, पाहुणे परिचय, वाढदिवस नवीन.

नक्कल निर्दोष होती. फक्त ती दर्शनी भागातल्या स्वागतकक्षाच्या संगणकाची होती.

“मला अनंतरावकाकांनी सांगितलं होतं,” विवेक म्हणाला, “की रेणुकाबाईंचा कॉम्प्युटर. पाटी बघ आणि घे म्हणाले. पाटी ह्याच्यावरच होती मॅडम.”

संघप्रिया दाराकडे निघाली होती, म्हणून पाटीची कथा मला जिना उतरता उतरता मनातल्या मनात जुळवावी लागली. ती अवघड नव्हती. विभागाचा जुना संगणक कैलासवासी रेणुकाबाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांच्या कुटुंबीयांनी दिला होता, आणि त्यावर पितळी पाटी होती. मूल्यांकन समिती आली त्या दिवशी ते कुटुंबीयही आले. समितीला दाखवण्याच्या मार्गावर मराठी विभाग नव्हता; तो कोणत्याच मार्गावर नसतो. तेव्हा पाटी खरवडून काढून स्वागतकक्षातल्या चकचकीत संगणकाला लावण्यात आली, फोटो निघाले, आणि ती तिथेच राहिली. मृताचा आत्मा नव्या देहात जातो या श्रद्धेला आमच्या कार्यालयाने दुपदरी चिकटपट्टीची जोड दिली होती. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. या संस्थेत कोणाचाही कधीच दुष्ट हेतू नसतो; ते मला अधिक असह्य होते.

जुना संगणक मागच्या व्हरांड्यात होता. दोन तुटक्या टेबलांवर भंगार रचलेले, त्यात तो आडवा पडलेला, वर पंख्याचे एक पाते. अनंतराव तिथेच खुर्ची टाकून गाडीची वाट पाहत होते. मी जे झाले ते सांगितले. माझा आवाज, संघप्रियाने मला नंतर सांगितले, फार सौजन्यपूर्ण होता, आणि त्यामुळे ती घाबरली होती.

अनंतरावांनी लगेच कबूल केले नाही आणि नाकारलेही नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “आता तुमी मला सांगा सर, लिलाव झाला, यादीवर सह्या झाल्या. ते आता आपलं न्हाई.”

मी म्हटले की निदान आतली डिस्क काढून घेऊ. त्यावर त्यांनी हात जोडले. मागच्या लिलावात एका डब्यातली डिस्क अशीच निघाली होती. घेणाऱ्याने तक्रार केली, चौकशी लागली, आणि शिपायाची वेतनवाढ अडकली. आता घेणारा प्रत्येक डबा उघडून पाहतो. खरी किंमत डिस्कची आणि मेमरीचीच असते, बाकी पत्रा.

मी वाद घालण्याच्या तयारीत होतो. माझ्याकडे युक्तिवाद भरपूर असतात आणि ते आजवर कोणाच्याही उपयोगी पडलेले नाहीत. पण संघप्रियाने त्यांना दुसरेच काही विचारले, आणि ते तिने खरोखर जाणून घ्यायच्या सुरात विचारले.

“काका, ते त्यांचं नेमकं कधी होतं? लिलाव झाला तेव्हा, का गाडीत चढल्यावर?”

अनंतरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. चाळीसएक वर्षांची नोकरी त्यांच्या चेहऱ्यावरून मागे सरकताना दिसली. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नसावा, आणि त्याचे उत्तर त्यांना येत होते.

“रुजवात होऊन गाडीत चढंपर्यंत संस्थेचं,” ते म्हणाले. “यादीतला नंबर आन् मालावरचा नंबर मिळाला पाहिजे. मग त्याचं.”

“मग आत्ता आपण वापरू शकतो.”

“वापरा की. आपल्याच मालाला कोण न्हाई म्हणायलाय. गाडी आली की मात्र मी कुणाला वळखत न्हाई.”

संगणक व्हरांड्याला लागून असलेल्या भांडारखोलीत हलवला. विवेकने घाईघाईने तीच बाहेरची हार्ड डिस्क पुसून घेतली. सचिव शालीसह नाहीसे झाले. पेन ड्राइव्ह लावला, कळ दाबली. जुना डबा घरघरला, त्याने पेन ड्राइव्ह ओळखला, आणि उतरवणे सुरू झाले. पडद्यावर एक आडवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाऊ लागली, इतकी सावकाश, की ती हलते आहे की आपणच डोळे हलवतो आहोत हे कळू नये.

मी त्या पट्टीकडे पाहत राहिलो. तिच्या आत कुठेतरी सोनपेठचे गळलेले ‘ह’ सरकत होते, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच मानाने, यंत्राच्या घड्याळाच्या आणि खिडक्यांच्या रंगांच्या नोंदी. डिस्कला त्यांत फरक कळत नव्हता. हे पाहणे मला इतके गुंतवून टाकणारे होते, की गाडीचा आवाज मी पहिला ऐकला नाही, संघप्रियाने ऐकला.

पट्टी तेव्हा निम्म्याच्या थोडी पुढे होती. आणि नेमके तेव्हाच डब्यातून दुसरा एक आवाज येऊ लागला. सुपारी कातरावी तसा, थांबून थांबून. पट्टी थबकली. पडद्यावर इशारा आला.

विवेकचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. “डिस्क जायलीय मॅडम. इथून पुढचं काही काही वाचता येईना तिला. दोन रस्ते आहेत. थांबलो तर हातात काहीच नाही, अर्धी प्रतिमा कशाच्याच कामाची नसते. ओलांडून पुढं गेलो तर होईल पूर्ण, पण मधी भोकं राहतील.”

“कुठं राहतील?”

“ते आत्ता नाही सांगता येत.”

“नोंदी कुठं आहेत आणि बाकीचं कुठं, हे तिला ठाऊक नसतं ना?”

“तिला सगळं सारखंच.”

संघप्रियाने पडद्याला हात लावला, जणू ताप पाहावा. सहा वर्षांतले काय जाणार आणि किती, हे न कळता होकार द्यायचा होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. माझ्यापाशी सल्ला नव्हता.

“पुढं चला,” ती म्हणाली.

पट्टी पुन्हा सरकू लागली. कातरण्याचा आवाज येई, पट्टी अडखळे, ओलांडे, पुढे जाई.

बाहेर भंगारवाल्याची माणसे खुर्च्या उचलायला लागली होती. तेव्हा अनंतरावांचा आवाज आला. थांबा, आधी रुजवात. मी खिडकीतून पाहिले. त्यांनी यादी मांडीवर घेतली होती, चष्मा लावला होता, आणि शिपायाला ओले फडके आणायला सांगितले होते. आमच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे ऑइलपेंटने साठ्याचा क्रमांक टाकलेला असतो. तो पुसट झालेला असतो. अनंतराव प्रत्येक क्रमांक पुसून घेत, मोठ्याने वाचत, यादीत शोधत, खूण करत, आणि मग पुढची खुर्ची मागवत.

भंगारवाला वैतागला. “साहेब, आमी खुर्च्या वजनावर घेतल्यात, नंबरावर न्हाई.”

“वजन तुमचं,” अनंतराव म्हणाले. “नंबर आमचा.”

खुर्च्या संपल्या, बाकडी आली. पंख्यांच्या पात्यांवरही क्रमांक असावा असा त्यांचा आग्रह होता. तो नव्हता, तेव्हा पाती कोणत्या पंख्याची हे ठरवणे आले. या माणसाने आयुष्यात हजारो कागदांवर ‘रुजवात घेतली’ असे लिहिले, आणि खरी रुजवात मी त्यांना त्या एकाच दुपारी घेताना पाहिले. एकदा ते पाणी प्यायला म्हणून उठले, खिडकीशी आले, आत न पाहता “कुठवर?” एवढेच विचारले. विवेकने बोटांनी थोडेसे अंतर दाखवले. ते परतले आणि शिपायाला म्हणाले, त्या मघाच्या बाकाचा नंबर नीट दिसला नव्हता, पुन्हा पुस.

पाटीची चूक ते भरून काढत होते, की आपल्या सहीबद्दल उद्या कोणी विचारील या धास्तीने वागत होते, की एका मुलीने त्यांना त्यांच्या कामातला एक खरा प्रश्न विचारला म्हणून. मी ते आजही ठरवू शकलेलो नाही. विचारले असते तर त्यांनी नियम सांगितला असता.

पट्टी भरली तेव्हा व्हरांडा रिकामा झाला होता आणि यादीत एकच वस्तू उरली होती, हा डबा. विवेकने जोडण्या काढल्या. अनंतराव स्वतः आत आले, डब्याचा क्रमांक वाचला, यादीवर खूण केली. भंगारवाल्याने झाकण उघडून पाहिले. डिस्क होती, मेमरी होती. डबा गाडीत चढला, आणि त्या क्षणापासून तो त्याचा झाला.

वर विभागात प्रतिमा नव्या संगणकावर उतरवली. पहिल्यांदा पडदा निळा पडला आणि सगळे बंद झाले. विवेकने डिस्कशी बोलण्याची एक जुनी पद्धत सेटिंगमध्ये शोधून निवडली आणि पुन्हा सुरू केले. या वेळी यंत्र जागे झाले. घड्याळ तेवढे आजचे होते. बाकी सगळे, अगदी संघप्रियाने कोपऱ्यात कधीतरी ठेवलेली बसची वेळापत्रकेही, जागच्या जागी. तिने प्रोग्रॅमवर क्लिक केले. त्याने परवाना मागितला नाही. आपण दुसऱ्या देहात आहोत हे त्याला कळलेच नव्हते.

मी उभा राहून पाहत होतो. गावांची यादी उघडली. ती एकेक गाव उघडून पाहू लागली, अनंतरावांनी खुर्च्या पाहिल्या तशीच. वालूर होते. सोनपेठ होते, स्टँडवरच्या गोंगाटासकट. मग पोखर्णी उघडले. वर आवाजाची नागमोडी रेघ नेहमीसारखी उमटली, आणि तिच्याखाली, जिथे ओळीमागून ओळ खुणा असायच्या, तिथे पांढरे होते. तिने खाली सरकवले. शेवटपर्यंत पांढरेच. तीन मुलाखती, सरजाबाई नावाच्या एका शेतमजूर बाईंच्या.

विवेक काहीतरी समजावू लागला, की ओलांडले ते बहुधा इथेच. मी म्हटले, पोखर्णी दूर नाही, सरजाबाई आहेत, पुन्हा जाऊन येऊ. माझ्या बोलण्यात सांत्वन होते, आणि संघप्रियाला ते नको होते. ती त्या पांढऱ्या जागेकडे पाहत होती, आणि तिच्या कपाळावर जी आठी होती ती दुःखाची नव्हती. ती आठी मला ठाऊक आहे. अनोळखी पाठ हाती आल्यावर पडते तशी.

“आवाज तर आहे सर,” ती म्हणाली. “पोखर्णी माझं पहिलं गाव. तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं, नुसती घाई. बघू या तरी, आता काय ऐकू येतं.”

दोन्ही ऐकण्यांची तुलना कधीच करता येणार नाही, हे माझ्या ओठांवर आले होते; पहिले गेले होते, ताडून पाहायला मूळच उरले नव्हते. मी ते गिळले. विवेक दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रतिमा उतरवण्याच्या तयारीला लागला. संघप्रियाने हेडफोन कानांवर चढवले आणि रेघेच्या आरंभाशी आली. हेडफोनचा आवाज ती नेहमीच मोठा ठेवते, त्यामुळे सरजाबाई मलाही थोड्या ऐकू आल्या, लांबून, चुलीच्या तडतडीतून : “मला काय इचारायलीस बाई, आमी तवा लय बारीक व्हतो.”

तिने थांबवले. मागे नेले. पुन्हा ऐकले. आणि पहिल्या शब्दाखाली पहिली खूण केली.